एसीचा रूम सेन्सर गेला आणि मेकॅनिक येत नाहीये, तोवर घरी काय करता येतं (आणि काय अजिबात करायचं नाही)

नवतपा (मे अखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस) सुरू झाला की नागपुरात एसीचा मेकॅनिक मिळणं म्हणजे किती कठीण हे इथं राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. फोन केला की "उद्या येतो", उद्या केला की "साहेब लाईनीत आहे तुमचा नंबर", आणि आला की बरेचदा दोन मिनिटांत निदान तयार, किट गेलं, किट बदलावं लागेल, काही हजार रुपये. आता किट म्हणजे आतला पीसीबी (सर्किट बोर्ड) खरंच जातोही, नाही असं नाही, पण कित्येकदा किट एकदम ठणठणीत असतं आणि गेलेला असतो तो शंभर-दोनशे रुपयांचा सेन्सर, किंवा तोही नाही, नुसता त्याचा कनेक्टर ढिला झालेला. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, स्प्लिट एसी डोळ्यासमोर ठेवून. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र मशीन उघडू नका, सरळ कंप्लेंट टाका आणि तोवर कूलर लावा.

आधी हे समजून घ्या की इनडोअर युनिटमध्ये साधारण दोन सेन्सर असतात. एक रूम सेन्सर, म्हणजे समोरची जाळी उघडली की फिनांच्या (थंड होणाऱ्या कॉइलवरच्या पातळ पत्र्यांच्या) पुढे प्लास्टिकच्या क्लिपमध्ये अडकवलेला काळा थेंबासारखा मणी, तो खोलीतून आत ओढल्या जाणाऱ्या हवेचं तापमान मोजतो. दुसरा कॉइल सेन्सर, हा तांब्याच्या नळीसारखा असतो आणि कॉइलच्या पाईपला जोडलेल्या खोबणीत बसवलेला असतो. दोन्ही आतून सारखेच, थर्मिस्टर, तापमान वाढलं की रेझिस्टन्स कमी होतो, उतरलं की वाढतो. पण दोघांचं काम वेगळं आहे. रूम सेन्सर फक्त तुमच्या आरामासाठी आहे, कॉइल सेन्सर मशीन वाचवण्यासाठी. आपण जो काही जुगाड करणार तो फक्त रूम सेन्सरचा. कॉइल सेन्सरला फसवायचं नाही, का ते पुढे सांगतो.

लक्षणं साधारण अशी. खोली गरमच आहे पण बाहेरचं युनिट पाच-दहा मिनिटांत बंद पडतं, किंवा उलट, खोली थंडगार झाली तरी थांबतच नाही, किंवा डिस्प्लेवर एरर कोड येतो. कोड प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेली यादी लावू नका, तुमच्याच मॉडेलचं मॅन्युअल पाहा. आणि मुख्य म्हणजे सेन्सरवर संशय घेण्याआधी फिल्टर धुवा. आपल्याकडे उन्हाळ्यात इतकी धूळ उडते की फिल्टर पंधरा दिवसांत भरतो, मग हवाच आत जात नाही, कॉइल जास्त थंड होते आणि मशीन उगाच कटऑफ घेतं.

दुसरी फुकटची तपासणी म्हणजे दुसरं थर्मामीटर. 30 मे 2024 ला आपल्याच रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर 56 डिग्री दाखवलं होतं ते आठवत असेल, देशभर बातम्या झाल्या, नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडलेला होता. ते कळलं कसं, तर दुसऱ्या काही केंद्रांवर तापमान बरंच कमी होतं. एकटा सेन्सर खरं बोलतोय की खोटं हे त्याच्याकडे पाहून कधीच कळत नाही, शेजारी दुसरा ठेवावा लागतो. तर भिंतीवर लावायचं साधं डिजिटल थर्मामीटर घ्या आणि एसीत जिथून हवा आत जाते तिथं अर्धा तास ठेवा, आणि मशीन थांबतं तेव्हा त्यावरचा आकडा तुमच्या सेटिंगशी ताडून पाहा.

आता उघडायचं. एमसीबी पाडा, नुसतं रिमोटने बंद करून चालत नाही. काही मशीनमध्ये किटची कमी व्होल्टेजची बाजूसुद्धा मेन लाईनपासून वेगळी केलेली नसते, म्हणजे सेन्सरच्या बारीक वायरीलाही करंट असू शकतो, त्यामुळे चालू मशीनमध्ये हात घालायचाच नाही. आणि बाहेरच्या युनिटला तर या सगळ्यात अजिबात शिवायचं नाही, त्यात कपॅसिटर असतात आणि इन्व्हर्टर मशीनचे कपॅसिटर लाईट बंद केल्यावरही बराच वेळ चार्ज राहतात.

पहिलं काम, रूम सेन्सरचा मणी क्लिपमध्ये नीट आहे का पाहा. सर्व्हिसिंगवाल्या पोराने पाण्याचा जेट मारला की तो निसटतो आणि फिनांना चिकटतो, मग त्याला वाटतं खोली 12 डिग्री झाली आणि मशीन बंद. क्लिपमध्ये परत बसवला की झालं काम. दुसरं, किटवरचा त्याचा पांढरा कनेक्टर काढा, पिना हिरवट झाल्या असतील तर आयसोप्रोपाईल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुना टूथब्रश घेऊन साफ करा, पूर्ण वाळू द्या, परत घट्ट दाबून बसवा. बरीच मशीनं एवढ्यावरच चालू होतात. वायर ओढून काढायची नाही, कनेक्टरच्या प्लास्टिकला धरून काढायचं, आणि काढण्याआधी मोबाईलवर फोटो घेऊन ठेवा.

तरी जमलं नाही तर मल्टीमीटर. साधं डिजिटल घ्या, दोन-तीनशेत येतं. सेन्सर किटपासून सुटा करून त्याच्या दोन पिनांवर ओम मोजायचे. आणि इथंच लोक फसतात. सेन्सर 5के किंवा 10के (म्हणजे 5 किंवा 10 हजार ओम) म्हणतात तो आकडा 25 डिग्रीचा असतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे एसी बंद असताना खोली 25 डिग्री असते का कधी? बंद खोलीत 38 सहज असतं, तेव्हा चांगला 5के सेन्सर 3के च्या आसपासच दाखवणार आणि 10के वाला पावणेसहाच्या आसपास. 5के लिहिलंय आणि मीटर 3 दाखवतंय म्हणजे सेन्सर गेला असं म्हणून कित्येक चांगले सेन्सर कचऱ्यात जातात. तेव्हा आधी खोलीचं तापमान पाहा, मग आकडा पाहा. ढोबळ अंदाज लक्षात ठेवा, 5के वाला 30 ला चार-सव्वाचार, 40 ला पावणेतीन ते तीन. 10के वाला 30 ला आठ, 40 ला सव्वापाच-साडेपाच. कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे होतं.

पक्की खात्री करायची असेल तर बर्फाची टेस्ट. स्टीलच्या ग्लासात बर्फ ठेचून भरा, थोडंसंच पाणी टाका, सेन्सर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यात पाच मिनिटं धरा. हे झालं शून्य डिग्री. 5के वाला साडेचौदाच्या जवळ यायला हवा, 10के वाला 32-33 के च्या जवळ, त्यासाठी मीटर 200के रेंजवर ठेवा नाहीतर नुसता 1 दिसेल आणि तुम्ही म्हणाल ओपन (आतून तुटलेला) आहे. मग बाहेर काढून मुठीत धरा, आकडा हळूहळू आणि सलग उतरला पाहिजे. उड्या मारत असेल, मधेच गायब होत असेल, किंवा हलतच नसेल तर सेन्सर गेला. काही मशीनमध्ये 15के आणि 20के चेही सेन्सर असतात, आणि एकाच मशीनमध्ये रूम आणि कॉइलचे वेगवेगळे असू शकतात, म्हणून कॉइलवाला मोजून रूमवाल्याचा अंदाज बांधू नका. वायरवरचं स्टिकर पाहा, नाहीतर मॉडेल नंबरवरून पार्ट शोधा, त्यात व्हॅल्यू दिलेली असते.

सेन्सर पूर्ण मेला नाही, फक्त चुकीचं दाखवतोय, तर सगळ्यात सोपा उपाय तुमच्या हातातच असू शकतो. बऱ्याच रिमोटवर "आय फील" किंवा "फॉलो मी" असं बटण असतं. ते दाबलं की रिमोटमधला छोटा सेन्सर खोलीचं तापमान मोजतो आणि दर काही मिनिटांनी एसीला पाठवतो, मग एसी त्याच्यावर चालतो. पेचकसही लागत नाही. रिमोट एसीला दिसेल असा पलंगाजवळ ठेवायचा, खिडकीत नाही, टीव्हीवर नाही, उशीखाली तर नाहीच, कारण सिग्नल पोचला नाही की मशीन परत आपल्या खराब सेन्सरकडे वळतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर सेन्सर चांगला असला तरी हे वापरून पाहावं, स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला असतो आणि एसी त्याच्याच खाली, त्याला खालपेक्षा जास्तच गरम वाटत राहतं. पण सेन्सर पूर्ण ओपन किंवा शॉर्ट असेल तर एरर येतोच, तिथं हे बटण कामाचं नाही.

मग पुढचा उपाय, माझ्या मते सगळ्यात चांगला. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या पार्टच्या दुकानात 10के चा एनटीसी (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा) थर्मिस्टर मागा, कॉलेजची पोरं प्रोजेक्टला नेतात तोच, अगदी स्वस्त असतो, वायर लावलेला आणि टोकाला इपॉक्सीचा मणी असलेला घ्या. मशीनचा सेन्सर 10के चा असेल तर हा थेट लावा. 5के चा असेल तर दोन 10के घ्या आणि पॅरलल (दोघांची टोकं एकमेकांना) जोडा, 25 डिग्रीला बरोबर 5के होतात. तापमानासोबत त्यांचा आकडा मूळ सेन्सरपेक्षा किंचित जास्त बदलतो, पण 20 ते 30 डिग्रीच्या मधे, म्हणजे जिथं आपल्याला काम आहे तिथं, फरक साधारण एक डिग्रीच्या आतच राहतो. हा खरा सेन्सर आहे, खोली थंड झाली की मशीन थांबेल, गरम झाली की सुरू होईल, म्हणून मी याला नुसत्या रेझिस्टरपेक्षा कितीतरी वर ठेवतो.

जोडताना जुन्या वायरचा कनेक्टरकडचा तीन-चार इंच तुकडा ठेवून कापा, उलटसुलट काही नसतं, कोणतीही वायर कोणत्याहीला चालते, सोल्डर करा आणि त्यावर हीट श्रिंक नळी चढवा. नुसती काळी टेप नको, इनडोअर युनिटमध्ये ओल असते, काही महिन्यांत टेपचा डिंक सुटतो आणि मग असा बिघाड होतो की सापडता सापडत नाही. मणी जुन्याच क्लिपमध्ये, फिनांना न टेकता.

शनिवारी रात्र झाली, दुकानं बंद, घरात म्हातारं माणूस किंवा लहान बाळ आहे आणि हाताशी फक्त साधा रेझिस्टर आहे, तर रूम सेन्सरच्या जागी तोही चालतो, तेवढ्यापुरता. 5के च्या मशीनला 4.7के लावला की मशीनला कायम साडेसव्वीस डिग्री वाटेल, 10के च्या मशीनला 9.1के लावला की सत्तावीस. मग थर्मोस्टॅट तुम्हीच, 24 वर सेट केलं की चालू राहील, 29-30 वर नेलं की बंद. इन्व्हर्टर मशीनमध्ये सेट जितकं खाली तितका कंप्रेसर जोरात, म्हणून 18 वर ठेवून झोपू नका, 24-25 ठेवा आणि ऑफ टायमर लावा, कारण आता मशीन स्वतःहून थांबणार नाही आणि बिल वाढणार. व्हॅल्यू चुकली तर लगेच कळतं. 5के च्या मशीनला 10के लावला तर त्याला वाटेल खोली 8 डिग्री आहे आणि कूलिंग सुरूच होणार नाही, उलट 10के च्या मशीनला 5के लावला तर त्याला चाळीसच्या वर वाटेल आणि ते थांबणार नाही.

आता कॉइल सेन्सर. कॉइल शून्याच्या जवळ गेली की तो कंप्रेसर थांबवतो. तिथं रेझिस्टर लावला की मशीन आंधळं झालं, कॉइलवर बर्फ जमतो, पाणी भिंतीवरून खाली येतं, आणि वाईट म्हणजे न उकळलेला गॅस द्रवरूपात परत कंप्रेसरकडे जाऊन तो खराब करू शकतो. शिवाय काही मशीनं कॉइल थंडच होत नाही असं पाहून गॅस कमी असल्याचा एरर देतात, तेव्हा जुगाड करून मशीन चालणारही नाही. कॉइल सेन्सर गेला तर बरोबर व्हॅल्यूचा, तांब्याच्या टोपीचाच आणून खोबणीत घट्ट बसवा, नाहीतर मशीन बंद ठेवा. रूम सेन्सरला रेझिस्टर लावण्याआधीसुद्धा कॉइलवाला शाबूत आहे हे मीटरने पाहून घ्या, कारण रात्री पहाटे खोली गार झाल्यावर तोच एक राखणदार उरतो.

हेच बाकी उपकरणांना लागू. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये डीफ्रॉस्टचा सेन्सर गेला आणि मागे बर्फाची भिंत झाली तर फ्रिज बंद करून दार उघडं ठेवा, रात्रभर वितळू द्या, खाली फडकी घाला, सुरीने खरवडू नका, तेवढ्याने काही दिवस निघतात. पण तिथला थर्मल फ्यूज डायरेक्ट कधीच करायचा नाही, हीटर अडकून राहिला तर आतलं प्लास्टिक पेटू शकतं. गिझरचा कटआउट डायरेक्ट करून देणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. पाणी उकळत राहिलं आणि सेफ्टी व्हॉल्व्हही चिकटलेला असला तर टाकी फुटते, याच्यावर कुठलाही घरगुती उपाय नाही.

जे काही लावलं असेल ते एका कागदावर लिहा, "रूम सेन्सरच्या जागी अमुक लावलंय, तारीख", आणि समोरच्या झाकणाच्या आतून चिकटवा, फिल्टर काढताना दिसेल असं. पुढच्या मेकॅनिकचा आणि तुमचा दोघांचाही वेळ वाचेल, आणि घर भाड्याचं असेल तर पुढच्या भाडेकरूचाही. मग जमेल तसा मॉडेल नंबर घेऊन मूळ सेन्सर आणा, दुकानात मल्टीमीटर सोबत न्या, पैसे देण्याआधी काउंटरवरच मोजा आणि तिथल्या तापमानाशी ताडून पाहा. बसवल्यावर 26 वर सेट करून थर्मामीटर एसीच्या वरच्या जाळीजवळ ठेवा, खोली तिथपर्यंत आली की बाहेरचं युनिट थांबायला हवं किंवा इन्व्हर्टर असेल तर आवाज मंदावायला हवा. एक-दोन डिग्रीचा फरक असू द्या, एसी उंचावर असतो म्हणून कंपन्या तेवढं आधीच धरून चालतात.