पार्कात रोज चालता ना, मग एक झाड धरून ठेवा

ऋतूंप्रमाणे काय काय दिसतं ते बघायचं असेल तर पहिली गोष्ट, पार्क बदलू नका. आज येऊर, पुढच्या रविवारी कर्नाळा असं केलं की फोटो भरपूर होतात पण काय बदललं ते कळत नाही. मी नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ पार्कला जातो, खरं तर डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून. तुम्हाला ठाण्याचा कचराळी तलाव जवळ असेल तर तो धरा.

तिथे पाण्याचा एक काठ आणि एक झाड ठरवा. आठवड्यातून एकदा तरी सकाळी सातच्या सुमारास दहा मिनिटं गप्प उभं राहायचं, मोबाईल खिशात. दुर्बीण घ्यायचीच तर ८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची), नसली तरी अडत नाही.

सुरुवात ढोकरीपासून करा. काठावर मान आखडून बसलेला मातकट बगळा, हिवाळ्यात चिखल कुठला नि पक्षी कुठला समजत नाही, उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख. हाच मे-जूनमध्ये पाठीवर गडद किरमिजी होतो, विणीचा रंग तो. पहिल्या वर्षी मी नवीन पक्षी म्हणून ग्रुपवर फोटो टाकला होता, अजून चिडवतात.

फेब्रुवारी-मार्चला मान वर. पांगारा, सावर फुलली की मैना, बुलबुल, कोतवाल सगळे हजर आणि भांडणं तर बघण्यासारखी. तांब्याचं भांडं ठोकल्यासारखं टुक टुक ऐकू आलं तर तो तांबट. सुकलेल्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक दिसतंय का बघा, तेच घर. पावसाळ्याआधीच्या छाटणीत नेमक्या ह्याच फांद्या आधी जातात, आमची एक भोकासकट गेली.

फ्लेमिंगो साधारण डिसेंबर ते मे, पण तिथे घड्याळ नाही, भरती-ओहोटी बघायची. ओहोटीला ते खाडीतल्या चिखलावर लांब पांगतात, भरतीला चिखल बुडाला की नेरूळच्या टीएस चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीत येऊन टेकतात, तेव्हा जा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते त्यामुळे मागच्या रविवारची वेळ चालत नाही.

पाऊस लागला की खाली बघा. बेडूक, गोगलगायी आहेतच, पण कढीपत्ता सोडू नका, बाल्कनीतल्या कुंडीतला पण चालतो. पानावर पक्ष्याची शीट पडलीये असं वाटलं तर लगेच पुसू नका, लाइम किंवा मॉरमॉन फुलपाखराची अळी असू शकते. मोठी झाली की हिरवी होते, आणि काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं काढते, वास असा सुटतो की परत हात लावायचं नाव नाही.

ऑक्टोबरला हिरवळीवर शेपूट हलवत पळणारा धोबी येतो. तो पहिल्यांदा दिसला ती तारीख लिहून ठेवा. मी कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहितो, ‘धोबी आला’, आणि बायको दरवर्षी विचारते, मग कपडे कुठेत?