चालत जाण्यासारखी वस्ती आखताय? या चुका टाळा

पुण्यात बाणेर असो, खराडी असो की वाघोली, नव्या ले-आउटचे नकाशे समोर आले की चुका त्याच. बिल्डर बदलतो, आर्किटेक्ट बदलतो, चुका बदलत नाहीत. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चारी बाजूंनी भिंत आणि एकच गेट. बाणेरकडच्या एका सोसायटीने मला जॉगिंग ट्रॅक आखायला बोलावलं होतं. तक्रार अशी की लोक चालतच नाहीत, मुलं मोबाइल सोडत नाहीत. फिरत फिरत मागच्या भिंतीशी गेलो, तर तिथे विटांची चळत रचलेली. भिंतीवर काचा खोचलेल्या होत्या आणि बरोबर दीड-दोन फुटांत त्यांच्यावर गोणपाट टाकलेलं. पलीकडे शाळा, भाजीवाला, बसस्टॉप. भिंत ओलांडली की दोन मिनिटांचं काम. मुख्य गेटने गेलं तर किलोमीटरभराचा वळसा. त्यामुळे मोठी माणसं गाडी काढायची, आणि पोरं नि कामाच्या मावशी भिंत चढायच्या.

भिंतीत गेटही होतं, पण कुलूप लावलेलं. चेअरमन म्हणाले, "सर, सिक्युरिटीचा प्रश्न आहे, तिथून कोणीही येईल." म्हटलं, "काका, आत्ताही येतातच, फक्त गोणपाटावरून." बरीच वादावादी झाली. शेवटी सकाळ-संध्याकाळ गेट उघडायचं आणि वॉचमनची एक खुर्ची तिकडे हलवायची असं ठरलं. ट्रॅक बारगळला. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

माझी सवय साधी आहे. नकाशावर घरापासून दूध, औषधं, शाळा, बसस्टॉप यांच्यापर्यंत दोरा लावायचा. रस्ता जसा वळतो तसा दोराही वळवायचा, हवेतून सरळ ताणायचा नाही. दोरा सरळ अंतराच्या दीडपट भरला की पुढचं काहीही काढण्याआधी तिथे बोळ कुठून काढता येईल ते बघतो. माणूस मिनिटाला साधारण 80 मीटर चालतो, म्हणजे 400 मीटरला पाच मिनिटं. त्यापलीकडे पुणेकराचा हात किल्लीकडे जातो. सदाशिव-नारायण पेठांत फुटपाथची बोंब असूनही लोक चालतात, कारण काम जवळ असतं आणि मधून वाट असते.

दुसरी चूक फुटपाथची. दर बंगल्याच्या गेटपाशी तो खाली उतरतो, पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. गुडघे दुखणारी आजी दोन गेटं झाली की सरळ रस्त्यावर उतरते, आणि मग "लोक फुटपाथ वापरत नाहीत" म्हणून ओरडा. फुटपाथ सलग सपाट ठेवा, चढ-उतार गाडीला करू द्या. तिला इंजिन आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शिकेत रस्त्यापासून फुटपाथच्या कडेची उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर आणि चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा सांगितली आहे. यातला 'मोकळी' हा शब्द सगळे गिळतात. विजेचा डीपी बॉक्स, झाड, नगरसेवकांच्या नावाचं बाकडं हे सगळं वगळून 1.8. पुणे महापालिकेचं पादचारी धोरणही 2016 पासून आहे, म्हणजे नियम नाहीत ही सबब चालणार नाही. मी तपासायला जाताना भाजीची चाकांची पिशवी भरून नेतो. जिथे ती उचलावी लागते तिथे खडूने फुली.

ओपन जिमवर फार लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रोज दहा मिनिटं झपाझप बाजारात आणि दहा मिनिटं परत, की आठवड्याची 140 तर तिथेच झाली. झोपाळ्यासारख्या त्या मशीनवर तेवढा वेळ कोणी काढलेला मी पाहिला नाही.

पादचारी पूल: कोणी चढत नाही. रस्त्याच्या पातळीवरच क्रॉसिंग द्या, मध्ये थांबायला जागा ठेवा.

दिवे: उंच खांबाचा उजेड झाडावर पडतो, फुटपाथ काळोखात. वेगळे बुटके दिवे लावा.

नवशिक्यांना घाई असते ती थ्री-डी चित्राची. त्यात फुगे घेतलेली मुलं असतात आणि ऊन कधीच नसतं. दरवर्षी 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो, छान वाटतं. पण डिसेंबरात पुण्यात कोणीही चालेल, एप्रिलमध्ये दुपारी चारला चालून दाखवा. तरी ले-आउटमध्ये रॉयल पामच लावतात, ज्याची सावली स्वतःच्या बुंध्यालाही पुरत नाही. लावून झाले असतील तर उपटू नका. मधल्या जागांत कडुनिंब, करंज घाला आणि पहिले दोन-तीन उन्हाळे टँकरचं पाणी आधी त्यांना जाईल असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिहून घ्या.