नॉइज गेट: कान गिटारकडे, दार गेनच्या पुढे

रिफ थांबली की हाय-गेन अँपमधून घरघर आणि सळसळ उसळते. नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं पेडल, आणलं, साखळीत कुठेतरी बसवलं, थ्रेशोल्ड (ती पातळी) चढवला की ती जाते खरी, पण लांबवलेला सूरही तिच्याबरोबर कापला जातो. दोष बहुतेक वेळा पेडलचा नसतो, त्याच्या जागेचा असतो.

हिशोब करून बघा. जोरात छेडल्यावर पिकअपमधून ५०० मिलिव्होल्ट येतात आणि सोबत १ मिलिव्होल्ट घरघर, असं धरू. दोघांत ५४ डेसिबलचं अंतर आहे, म्हणजे सूर कुठला आणि कचरा कुठला हे गेटला सहज कळतं. आता १०० पट गेन (सिग्नलची वाढ) द्या. घरघर १०० मिलिव्होल्ट झाली. सूर मात्र ५० व्होल्ट होत नाही. समजा २ व्होल्टवर सर्किट त्याचा माथा कापतं. अंतर उरलं २६ डेसिबल. डिस्टॉर्शननंतरचा सिग्नल ऐकणाऱ्या गेटला एवढ्याशा फटीत निर्णय घ्यायचा असतो. उलट गेट फक्त डिस्टॉर्शनच्या आधी ठेवलं, तर ते ऐकतं नीट, पण त्याच्या पुढे प्रीअँपमध्ये (अँपचा गेन देणारा पहिला टप्पा) तयार होणाऱ्या सळसळीला हात लावू शकत नाही. म्हणून ऐकायचं गिटारपाशी आणि दार लावायचं गेनच्या पुढे. बॉस एनएस-२ या गेटवर सेंड आणि रिटर्न (सिग्नल बाहेर पाठवायचा आणि परत घ्यायचा जॅक) असतात ते याचसाठी. आयएसपीच्या डेसिमेटर जी-स्ट्रिंग या गेटमध्ये गिटारची वेगळी वाट असते तीही याचसाठी.

आधी आवाज कुठून येतो ते शोधा

अँपमधून केबल काढा. सळसळ तशीच राहिली तर ती अँपचीच आहे. गिटार जोडून जागच्या जागी ९० अंशांत फिरा. घरघर कमी-जास्त झाली तर पिकअप आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. तारांना हात लावल्यावर आवाज थोडा कमी होणं नेहमीचंच, पण वाढला तर गिटारमधलं ग्राउंडचं वायरिंग किंवा खोलीचं अर्थिंग तपासा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्यांचे डिमर बंद करून बघा. कर्कश बझ अनेकदा तिथूनच येतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरघर ५०, १००, १५० अशी चढत जाते. अमेरिकी व्हिडिओ पाहून ६० हर्ट्झवर लावलेला फिल्टर इथे उपयोगाचा नाही.

सगळी पेडल्स एकाच अडॅप्टरवर माळेसारखी जोडली असतील, तर प्रत्येक वाटेला स्वतंत्र आयसोलेशन असलेला पॉवर सप्लाय घ्या. त्यानंतर गेन कमी करून बघा. घरी एकट्याने वाजवताना जो गेन भरदार वाटतो, तो बँडमध्ये बहुतेक वेळा जास्तच असतो.

घरघर घालवायला अँपच्या प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. गिटारच्या तारा त्याच अर्थला जोडलेल्या असतात. अँपमध्ये बिघाड झाला तर तो करंट वाजवणाऱ्याच्या हातात येतो.

चार केबलची जोडणी

इफेक्ट लूप (प्रीअँप आणि पॉवर अँपच्या मधला सेंड-रिटर्न) असलेला अँप आणि एनएस-२ धरून चालू.

१. गिटार (मध्ये ट्यूनर चालेल) गेटच्या इनपुटला.
२. गेटच्या सेंडमधून ओव्हरड्राइव्ह किंवा बूस्ट, तिथून अँपच्या पुढच्या इनपुटला.
३. अँपच्या लूप सेंडमधून गेटच्या रिटर्नला.
४. गेटच्या आउटपुटमधून डिले, मग रिव्हर्ब, तिथून अँपच्या लूप रिटर्नला.

आता गेट गिटारचं ऐकतं, पण बूस्ट आणि प्रीअँप दोन्ही त्याच्या दाराआड आहेत. याचा मोठा फायदा असा की बूस्ट चालू-बंद केला तरी थ्रेशोल्डला हात लावावा लागत नाही, कारण गेट बूस्टच्या आधीचा सिग्नल मोजतं. डिले आणि रिव्हर्ब गेटच्या पुढेच हवेत. आधी ठेवले तर त्यांची शेपटी दर वेळी कापली जाईल.

अँपला लूप नसेल तर सेंड-रिटर्नमध्ये फक्त डिस्टॉर्शन पेडल्स घाला आणि गेटचं आउटपुट अँपच्या इनपुटला द्या. अशा वेळी अँप क्लीन ठेवून सगळा गेन पेडलवर घेतलेला बरा. अँपच्या स्वतःच्या गेनची सळसळ गेटच्या हाती लागत नाही. पॉवर अँपची बारीक सळसळ तर कुठल्याही जोडणीत राहतेच.

सेटिंग

गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, सगळ्यात जास्त आवाज करणारा पिकअप निवडा आणि ज्या जागी वाजवणार तिथेच उभे राहा. व्हॉल्यूम शून्यावर नेऊन सेटिंग करणं ही सर्रास होणारी चूक आहे, कारण तेव्हा पिकअपची घरघर मोजणीत येतच नाही. थ्रेशोल्ड आणि डिके (दार किती सावकाश मिटेल ते) दोन्ही किमान ठेवा. तळहाताने तारा दाबून धरा आणि थ्रेशोल्ड हळूहळू वाढवा. शांतता झाली की अगदी किंचित पुढे नेऊन थांबा. नॉब अर्ध्याच्या पुष्कळ पुढे गेल्याशिवाय गेट मिटतच नसेल, तर आवाजाचा उगम अजून सापडलेला नाही, मागे जा.

मग एक पॉवर कॉर्ड वाजवून मरू द्या. शेवट कुऱ्हाडीने तोडल्यासारखा वाटला तर डिके वाढवा. सूर संपल्यावर घरघरीची शेपटी ऐकू आली तर कमी करा. मिलिसेकंद दाखवणाऱ्या गेटवर घट्ट पाम म्यूटसाठी (तळहाताने तारा दाबून वाजवणं) ३० ते ६० आणि लीडसाठी ३०० ते ५०० पासून सुरुवात करा. शेवटी गिटारचा व्हॉल्यूम ५ वर आणून हळुवार वाजवा. गेट अडखळत असेल तर थ्रेशोल्ड जास्त झालाय.

बिघडतं कुठे

सूर मरताना दार फडफडलं, म्हणजे सिग्नल थ्रेशोल्डच्या रेषेवर वरखाली होतोय. डिके किंवा होल्ड (मिटण्याआधी दार उघडं राहण्याचा वेळ) वाढवा. थ्रेशोल्ड वाढवून हे जात नाही, फडफड फक्त आधी सुरू होते.

चार केबल जोडल्यावर नवीनच घरघर आली, तर ती ग्राउंड लूपची आहे: अँपला आता पुढून आणि मागून असे दोन रस्ते मिळालेत. तिसऱ्या आणि चौथ्या केबलमध्ये १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. केबल वाढल्यामुळे टोन निस्तेज झाला की काय, ही शंका इथे फारशी लागू नाही. एनएस-२ बफर्ड आहे, म्हणजे लांब केबलमधूनही सिग्नल टिकवणारं सर्किट त्यात आहे.

मात्र तोच बफर जुन्या पद्धतीच्या फझला (खरखरीत डिस्टॉर्शनचं पेडल) मानवत नाही. त्याला थेट पिकअप हवा असतो, म्हणून तो गेटच्या इनपुटच्या आधी ठेवावा लागतो आणि मग गेट फझचंच ऐकू लागतं. यावर सुटसुटीत तोडगा नाही. फझच्या गाण्यात गेट बंद ठेवणं उत्तम.

झटक्यात तुटणारे थांबे असलेल्या आधुनिक मेटलसाठी काही जण दोन गेट वापरतात: एक गिटारजवळ, एक लूपमध्ये. पहिलं सौम्य ठेवा, घट्टपणा दुसऱ्याकडून घ्या. दोन्ही कडक ठेवली तर पिकचा टोलाच जातो.

रेकॉर्डिंगमध्ये

तत्त्व तेच. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये अँप सिम्युलेटरच्या ट्रॅकला ४ चॅनेल द्या. कोऱ्या (इफेक्ट नसलेल्या) गिटारच्या ट्रॅकमधून त्याला दोन सेंड पाठवा, एक १/२ वर आणि एक ३/४ वर, आणि कोऱ्या ट्रॅकचा मास्टर सेंड बंद करा. सिम्युलेटरच्या पुढे रीपरचं गेट, रीगेट, टाकून त्याचं डिटेक्टर इनपुट (गेट जे ऐकतं ते) ऑक्झिलरीवर, म्हणजे ३/४ वर, ठेवा. फडफड थांबवायला इथे हिस्टेरेसिस आहे: दार मिटण्याची पातळी उघडण्याच्या पातळीपेक्षा ४ ते ६ डेसिबल खाली ठेवा. प्री-ओपन (दार आधीच उघडण्याचा वेळ) ५ मिलिसेकंद दिलं तर पिकचा पहिला टोला वाचतो, पण तेवढाच उशीरही वाढतो. म्हणून ते मिक्स करताना वापरा. वाजवताना शून्य ठेवा.