घरच्यांनी कान धरला, तर या चुका टाळा

चर्चमधली नाताळच्या तयारीची बैठक उरकून मी रविवारी दुपारी शाहूपुरीतल्या घरी आलो. बायको ओट्यापाशी कांदा चिरत होती. वर न बघताच म्हणाली, "अहो, बैठकीतल्या त्या पोराला आज तुम्ही बोलताना तीनदा तोडलं. शेवटी त्यानं हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला. बघितलंसा का?"

मी बघितलं नव्हतं. "तुला बैठकीतलं काय कळतंय?" म्हणालो आणि हात धुवायला गेलो. पुढचे चार दिवस घरात गरजेपुरतंच बोलणं झालं. त्या चार दिवसांत माझ्या लक्षात आलेल्या चुका इथं लिहितो, कारण चर्चच्या मंडळीतल्या कितीतरी घरांत हेच चालतं.

तिथल्या तिथं उत्तर देणं

बोल लागला की छाती धडधडते आणि तोंडात वकील येऊन बसतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (1:19) ऐकायला तत्पर आणि बोलायला धीमे असा असं सांगितलंय, ते याच घटकेसाठी. "बरं, मला विचार करू दे," एवढंच म्हणा आणि एक रात्र जाऊ द्या.

मुद्दा सोडून सूर धरणं

"ही काय सांगायची पद्धत?" हे आपलं आवडतं हत्यार. पण घरचं माणूस भाषण तयार करून येत नाही. ते दमलेलं असतं, बऱ्याच दिवसांचं मनात साठलेलं असतं, म्हणून शब्द टोकदार होतात.

पन्हाळ्याच्या वाटेवर आमच्या पाहुण्यांचं गुऱ्हाळ आहे. उसाचा रस काहिलीत तापायला लागला की त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात आणि मळी वर येते. गुळव्या ती काढत राहतो. गार रसात ती अशी वर येत नाही, आणि नीट काढली नाही तर गूळ काळपट पडतो. चर्चमध्ये आपण सगळे गारच असतो, पांढरा शर्ट, हसरा चेहरा. तापतो ते घरात. त्यामुळं आपली मळी पाळकसाहेबांच्या आधी बायकोला, भावाला, आईला दिसते.

त्यांचं कुसळ शोधणं

"आधी स्वतःकडं बघ." मत्तय 7 मधलं कुसळ आणि मुसळ आपण नेमकं उलटं फिरवतो. येशूनं ते दुसऱ्याचा डोळा तपासायला निघालेल्याला सांगितलं. तुमच्या डोळ्यातलं दाखवणाऱ्याचं तोंड बंद करायला ते वचन वापरू नका.

चूक कबूल करून इज्जत सांभाळणं

ही सगळ्यांत अवघड, कारण वरून ती पश्चात्तापासारखीच दिसते. शौल आणि दावीद या दोन्ही राजांना संदेष्ट्यांनी तोंडावर सुनावलं. दोघंही म्हणाले, मी पाप केलं आहे. पण शौलानं देवाची आज्ञा मोडून लुटीतली मेंढरं राखली होती, त्याचं खापर आधी लोकांवर फोडलं, आणि कबुलीनंतर शमुवेल संदेष्ट्याला विनवलं की निदान वडीलजनांसमोर माझा मान राख (1 शमुवेल 15:30). दावीदानं उरीयाची बायको बथशेबा घेतली होती आणि उरीयाला मारवलं होतं, पण नाथान संदेष्ट्यापुढं उरीयाचं नाव निघाल्यावर त्यानं एकही सबब सांगितली नाही. मला सर्वांत जास्त हलवतं ते पुढचं. 1 इतिहास 3:5 मध्ये दावीदाच्या मुलांची यादी आहे. बथशेबेपासून झालेल्या एका मुलाचं नाव नाथान. मुलाचं हे नाव संदेष्ट्यावरूनच ठेवलं असं शास्त्र सांगत नाही. पण ज्या नावाच्या माणसानं आपलं पाप उघडं केलं, ते नाव त्याला घरात रोज हाक मारायला जड गेलं नाही. लूकनं दिलेल्या येशूच्या वंशावळीतही (3:31) दावीदाचा हाच मुलगा नाथान आहे.

"चुकलं असेल तर माफ कर" ही शौलाची माफी. त्यातला "असेल तर" काढून टाका.

गाऱ्हाणं प्रार्थनासभेत नेणं

"घरासाठी प्रार्थना करा, सध्या फार ऐकून घ्यावं लागतंय." हे करू नका. सांगणाऱ्यानं एकांतात सांगावं असं मत्तय 18:15 म्हणतं. मग ऐकणाऱ्यानं ते गावभर करायचं कशाला?

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. मारहाण, धमकी, रोजचा पाणउतारा याला बोध म्हणत नाहीत. तिथं सोसत बसू नका. विश्वासातल्या माणसाला सांगा, आणि जिवाला धोका असेल तर आधी घराबाहेर पडा.

आधीच चिडून बोलला असाल तर

परत जा आणि पुन्हा विचारा. चौथ्या दिवशी ती भाकरी थापत होती तेव्हा मी म्हणालो, "परवाचं परत सांग. मी मधे बोलणार नाही." तिनं तवा उतरवला. मग म्हणाली, "बैठकीचं सोडा. आपल्या पोरांनाही तुम्ही असंच तोडता. धाकटी आता सांगायला तुमच्याकडं येतच नाही, माझ्याकडं येते." मला बोलायला काही सुचलं नाही. त्या रात्री धाकटीजवळ जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पोराच्या घरी गेलो, त्याच्या आईसमोर माफी मागितली आणि कागद बघायला मागितला. घड्या अजून तशाच होत्या. मंडळीतल्या अंथरुणाला खिळलेल्या सात जणांची नावं आणि पत्ते त्यानं लिहून आणले होते, कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, आधी त्यांच्या दारात म्हणावीत म्हणून. त्या वर्षी आम्ही तिथूनच सुरुवात केली.