ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणारा स्कोप) एएमचं, म्हणजे आवाजाप्रमाणे रेडिओ लहरीची उंची बदलण्याचं, मॉड्युलेशन किती टक्के ते कसं बघायचं
कॅरियर (आवाज वाहून नेणारी मूळ रेडिओ लहर) १ मेगाहर्ट्झ ठेवा, ऑडिओ १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह, आणि स्कोपचा ट्रिगर (चित्र स्क्रीनवर स्थिर धरणारी सेटिंग) ऑडिओवर लावा, कॅरियरवर लावलात तर एन्व्हलप (लहरीच्या टोकांनी बनलेली बाहेरची रेषा) नुसतं पळत राहतं आणि डोकं फिरतं. आता पीक-टू-पीक (वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची) उंची दोनदा मोजायची, फुगलेल्या जागी अन् दबलेल्या जागी. समजा स्क्रीनवरचे ६ आणि २ खाने आले, तर वजाबाकी ४, बेरीज ८, भागाकार ०.५, म्हणजे ५० टक्के, झालं! ऑडिओ वाढवत नेला की दबलेली जागा शून्याला टेकते, तिथे १०० टक्के. त्यापुढे जाऊच नका, आवाज फाटतो आणि सिग्नल शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर सांडतो. बोलण्यासाठी मी तरी ८०-८५ वरच थांबतो.