व्हॉलीबॉल सामन्याआधी लाइनमन कसे तयार करावेत

दिवाळी उरकली की पुण्यात मैदानामैदानांवर नेट लागतात. कॉलेजांच्या स्पर्धा, सोसायट्यांचे चषक, हवेली-मुळशीकडच्या गावांत दिव्यांखाली रंगणारे रात्रीचे सामने. पंच ठरलेले असतात, चषक आणून झालेले असतात आणि नाणेफेकीच्या तोंडावर कुणीतरी विचारतं, "लाइनमन, म्हणजे चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर ते झेंडीने दाखवणारे, कोण उभं राहणार?" मग कडेला बसलेल्या दोन पोरांच्या हातात झेंड्या दिल्या जातात. पुढे २४-२४ वर चेंडू रेषेपाशी पडतो आणि ज्याला कुणी काही सांगितलेलंच नाही, त्याच्या झेंडीकडे सगळं मैदान बघतं. हा त्या पोरावर अन्याय आहे आणि दोन्ही संघांवरही. सामन्याआधीचा अर्धा तास लाइनमनसाठी राखून ठेवा, एवढंच करायचं आहे.

१. माणसं निवडा

नियमांप्रमाणे दोन किंवा चार लाइनमन चालतात. स्थानिक स्पर्धेत चार कच्चे उभे करण्यापेक्षा दोन नीट तयार केलेले बरे, असं माझं ठाम मत आहे. ज्यांचा या निकालाशी काही संबंध नाही अशा तिसऱ्या संघातले खेळाडू घ्या. खेळलेल्या माणसाला स्मॅश कुठून कुठे जाणार याचा अंदाज असतो. फोन आयोजकांकडे जमा करायचा, उन्हाचा सामना असेल तर टोपी घालायची.

२. झेंड्या आणि रेषा तपासा

झेंडी ४० बाय ४० सेंटिमीटरची. लाल किंवा पिवळं कापड शिंप्याकडून शिवून घेतलं तरी काम भागतं. मात्र काठी हातात घट्ट बसायला हवी.

रेषेकडे जास्त वेळ द्या. रेषा ५ सेंटिमीटर रुंद असते आणि ती मैदानातच धरली जाते. मातीच्या मैदानावर दोरी ताणून फक्की मारतात, पण सरावात पाय पडून ती पसरते आणि पाहता पाहता रेषा दुप्पट रुंद दिसायला लागते. म्हणून सराव संपल्यावर रेषा पुन्हा आखून घ्या आणि लाइनमनना सोबत नेऊन तिची बाहेरची कड दाखवा. 'फक्की उडाली म्हणजे इन' हा समज तिथेच काढून टाका. वाऱ्याने आणि पायांनी बाहेर सांडलेली फक्कीही उडते. चेंडू जमिनीला टेकला तेव्हा त्याचा थोडा तरी भाग रेषेला लागला का, एवढंच बघायचं. चेंडूचा फुगवटा वरून रेषेवर आला, पण टेकला बाहेर, तर तो आउट.

३. जागा ठरवा

दोनच लाइनमन असतील तर ते कर्णरेषेत उभे राहतात: नेटच्या दोन टोकांना समोरासमोर असणाऱ्या दोन पंचांपैकी प्रत्येकाच्या उजव्या हाताला जो जवळचा कोपरा येतो, त्यापासून १ ते २ मीटर तिरकं बाहेर. प्रत्येकाकडे एक एंड लाइन (मैदानाच्या मागची रेषा) आणि आपल्या बाजूची साइड लाइन (लांबीची रेषा), तीही अख्खी १८ मीटर. समोरच्या संघाच्या अर्ध्या भागातली साइड लाइनही आपलीच, हे नवख्याच्या लक्षात येत नाही, म्हणून त्याला बोटाने दाखवून सांगा. चार असतील तर प्रत्येकाने आपल्या एकाच रेषेच्या सरळ पुढे, कोपऱ्यापासून १ ते ३ मीटरवर उभं राहायचं. खेळाडू सर्व्हिसला किंवा चेंडूमागे तिकडे आला की वाट द्यायची आणि लगेच जागेवर परतायचं.

४. डोळे कुठे हवेत ते शिकवा

सगळ्यात जास्त वेळ इथे खर्च करा. नवखा लाइनमन प्रेक्षकासारखा चेंडूमागे मान फिरवत राहतो आणि चेंडू टेकतो तेव्हा त्याची नजर अजून हवेतच असते. त्याला क्रम सांगा: स्मॅश मारणाऱ्याचा हात, मग ब्लॉकची, म्हणजे नेटवर स्मॅश अडवणाऱ्यांची बोटं, मग थेट रेषा. चेंडूच्या आधी नजर रेषेवर पोचली पाहिजे. गुडघे किंचित वाकलेले, आणि चेंडू टेकतो त्या क्षणी शरीर स्थिर. मान हलत असताना पाच सेंटिमीटरची रेषा नीट दिसत नाही.

सर्व्हिसच्या वेळी नजर चेंडूवर नको, सर्व्हरच्या पायावर हवी. चेंडूला हात लागेपर्यंत त्याचा पाय एंड लाइनला लागता कामा नये. जंप सर्व्हिसला मात्र उडी घेताना पाय कुठे होता तेवढंच बघायचं. मारून झाल्यावर तो मैदानात उतरला तर चूक नाही.

तिसरी गोष्ट अँटेना, म्हणजे साइड लाइनच्या वर नेटला लावलेली उभी काठी. ती नेटच्या वर ८० सेंटिमीटर असते. चेंडू तिला लागला तर लगेच झेंडी. सर्व्हिस किंवा तिसरा टोला अँटेनाच्या बाहेरून पलीकडे गेला तरी झेंडी. पण पहिल्याच पासला चेंडू बाहेरून समोरच्यांच्या मैदानाबाहेरच्या मोकळ्या जागेत गेला, तर थांबायचं. त्या संघाला तो त्याच बाजूने, बाहेरूनच परत आणायचा हक्क आहे. अशा वेळी झेंडी हलली की खेळाडू धावायचा थांबतो आणि वाचला असता असा चेंडू जमिनीवर पडतो.

५. पाच खुणा पक्क्या करा

इन: झेंडी खाली, मैदानाकडे.
आउट: झेंडी सरळ वर.
टच (बाहेर पडलेला चेंडू आधी खेळाडूला लागला): झेंडी वर आणि मोकळ्या हाताचा तळवा तिच्या टोकावर.
अँटेना किंवा सर्व्हिसच्या वेळची पायाची चूक: झेंडी डोक्यावर हलवायची आणि दुसऱ्या हाताने अँटेना किंवा ती रेषा दाखवायची.
दिसलं नाही: दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे.

शेवटची खूण आवर्जून करून घ्या, कारण पोरांना ती द्यायची लाज वाटते. खेळाडू मध्ये आला, दिसलं नाही, तर तसं सांगणं हा लाइनमनचा प्रामाणिकपणा आहे. अंदाजाने उचललेली झेंडी सगळ्यात घातक.

६. दहा मिनिटं सराव

संघ सराव करत असतानाच लाइनमनना जागेवर उभं करा आणि प्रत्येक स्मॅशला, सर्व्हिसला खूण द्यायला लावा. सराव थांबला की कुणाला तरी रेषेच्या आत-बाहेर वीतभर अंतरावर चेंडू आपटायला सांगा. खूण एकदाच, झटक्यात, आणि मुख्य पंच बघेपर्यंत धरून ठेवायची. अर्धवट उचलून खाली घेतलेल्या झेंडीवरून भांडणं होतात. मध्येच तुम्ही मुद्दाम "आउट, आउट!" ओरडा. खेळाडूही तेच करणार आहेत, आणि त्या ओरडण्याने हात उचलला जातो की नाही ते आत्ताच कळलेलं बरं.

७. मुख्य पंचांशी बोलणं

नाणेफेकीआधी दोन मिनिटं पंच आणि लाइनमन एकत्र उभे राहू द्या. चेंडू मेला, म्हणजे त्या गुणाचा खेळ थांबला, की आधी एकमेकांकडे बघायचं, हे ठरवून घ्या. ब्लॉकच्या टचबद्दल पंचांना काय हवं ते विचारा. पंचांच्या बाजूने बोटं झाकली जातात आणि लाइनमनला ती स्वच्छ दिसतात. अंतिम निर्णय पंचांचाच. त्यांनी तुमच्या खुणेविरुद्ध गुण दिला तर झेंडी खाली, हातवारे नाहीत, खेळाडूंशी बोलणं नाही.

सेट संपल्यावर बाजू संघ बदलतात, लाइनमन जागेवरच राहतात. मधल्या तीन मिनिटांत त्यांना पाणी द्या आणि पुसट झालेल्या रेषेवर पुन्हा फक्की मारून घ्या.