ट्रिप घ्यायची की घरी बसायचं: साथीच्या दिवसांतला ड्रायव्हरचा हिशेब

शेठचा, म्हणजे गाडीमालकाचा, फोन आला की ड्रायव्हरच्या तोंडून आधी ‘हो’ निघतं, डोकं मागून येतं. माझंही तसंच झालं. एप्रिल 2020, तुरीची डाळ भरून हिंगणघाटहून हैदराबाद. कोरोनाचा लॉकडाऊन लागून तीन आठवडे झाले होते, घरात बसून जीव विटला होता, म्हणून काहीच न विचारता निघालो. तिकडं हमाल गावी निघून गेलेले, गाडी तीन दिवस भरलीच उभी. परतीचा माल नाही. जेवणखर्चाची खुराकी संपली, खिशातले 1,100 रुपये गेले, ते शेठच्या ‘बघू’वर अजून अडकून आहेत. गावच्या फाट्यावर आलो तर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या आणि एक बैलबंडी आडवी. पलीकडं माझाच चुलतभाऊ काठी घेऊन उभा. “दादा, तू अंदर नको येऊ आता.”

त्यानंतर मी पद्धत बसवली आणि 2021 च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, ती वापरली. पुन्हा कधी तशी साथ आली तर कामी येईल म्हणून लिहून ठेवतो.

हिशेब फोन यायच्या आधी करायचा, फोन आल्यावर होत नाही. मी आणि बायको पोरीच्या वहीचं मागचं पान घेऊन बसलो. राशनचा गहू-तांदूळ किती, तेल किती, सिलिंडर कधी लागलं, बाबांच्या बीपीच्या गोळ्या किती, बचत गटाचा हप्ता कोणत्या तारखेला. सगळं मिळून 19 दिवस निघाले. म्हणजे 19 दिवस मला कोणालाही नाही म्हणता येत होतं. हा आकडा माहीत नसला की माणूस एक तर दुसऱ्याच दिवशी घाबरून निघतो, नाही तर डबे रिकामे होईपर्यंत ऐटीत बसतो आणि मग पडेल त्या भाड्याला जातो. गाडी स्वतःची असेल तर बँकेचा हप्ताही धरा. 2020 मध्ये मार्च ते ऑगस्टचे हप्ते पुढं ढकलायची सवलत होती, पण व्याज चालूच होतं. आमच्याकडचे दोघं-तिघं ती माफी समजून बसले होते.

मग दुसरा प्रश्न: परत आल्यावर झोपणार कुठं? याचं उत्तर नसेल तर बाकीचा हिशेब करूच नका. आमचं घर दोन खोल्यांचं, बाबांना दमा, संडास एक. मी म्हटलं, पडवीत झोपीन, जपून राहीन. बायको म्हणाली, “जा तुमी, पन येतानी सरळ वावरात जा. बाबाले काही झालं त ट्रिपचे पैसे दवाखान्याच्या दारातच संपते.” तिचं बरोबर होतं. वावरातल्या झोपडीत बाज आणि माठ आधीच नेऊन ठेवला. डबा ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवायची आणि मागं निंबापर्यंत जाऊन उभी राहायची, मग मी उचलायचो. जेवण होईपर्यंत तिथूनच गप्पा, ओरडून. वावर नसेल तर निघायच्या आधी पोलीस पाटलाच्या कानावर घाला; कित्येक गावांत जिल्हा परिषदेच्या शाळेत सोय केली होती. आधी सांगितलं तर माणसं ऐकतात, फाट्यावर येऊन सांगितलं तर काठी दिसते.

आता पैसे. माझ्यासारखे ट्रिपवर काम करणारे इथंच फसतात. शेठ म्हणाला, सहा दिवसांचे 4,500. दिवसाला 750, ऐकायला गोड. पण आल्यावर 14 दिवस वावरात वेगळं राहायचं. म्हणजे 20 दिवस झाले, दिवसाला 225. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी 248 होती! मात्र मध्ये घरी न येता लागोपाठ दोन ट्रिपा मारल्या तर 14 दिवस एकदाच लागतात: 26 दिवसांत 9,000, दिवसाला 346. म्हणून जायचंच तर दोन-तीन सोबत घ्या, एकटी ट्रिप घेऊ नका.

शेठला विचारायचं ते असं. माल कोण भरणार, खाली कुठं होणार, तिथं हमाल आहेत का? गाडी उभी राहिली तर हॉल्टिंगचे पैसे किती? परतीचं भाडं ठरलंय का? क्लीनर कोण, आणि तो गेल्या आठवड्यात कुठं होता? टेस्टचे पैसे कोणाचे? (राज्य सरकारच्या 12 मे 2021 च्या आदेशानं मालट्रकमध्ये दोघंच चालायचे, आणि बाहेरच्या राज्यातून माल घेऊन येताना 48 तासांच्या आतला निगेटिव्ह आरटीपीसीआर लागायचा, तो सात दिवस चालायचा.) मी रस्त्यात आजारी पडलो तर गाडी आणायला कोण येणार? या शेवटच्या प्रश्नाला शेठ सगळ्यात जास्त वेळ गप्प राहतो. उत्तरं व्हॉट्सॲपवर घ्या. माझे 1,100 फोनवरच्या बोलण्यातच गेले.

गाडीतलं थोडक्यात. क्लीनर सोबत असेल तर मे महिन्यातही काचा खाली ठेवा. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, सही करायला पेन स्वतःचा. सॅनिटायझर विडी-शेगडीजवळ नेऊ नका, पेट घेतं. साबण आणि पाण्याची कॅन बरी. तेव्हा बरेच ढाबे बंद असायचे, म्हणून पीठ, आलू, डाळ, ठेचा घरून घ्या, पण शेगडी केबिनमध्ये पेटवू नका, खाली उतरून डिझेल टाकीपासून दूर मांडा. ऑक्सिमीटर घ्या. बोटावर 94 च्या खाली दिसलं तर पुढची ट्रिप, भाडं, शेठ सगळं सोडून दवाखाना.

राहिलं नाही म्हणणं. तब्येत बरी नाही असं खोटं कधी सांगू नका. संध्याकाळपर्यंत साऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यांत होतं की याला कोरोना झाला, मग महिनाभर कोणी माल देत नाही. तारीख सांगा. 3 मे ला शेठचा फोन आला, तेव्हा मी वही पाहून म्हटलं, “शेठ, 21 परेंत नाही जमत. 22 ले निघतो, पन दोन ट्रिपा सोबत द्या, अन् हॉल्टिंग लिहून द्या.” त्यानं फोन आपटला. बायको दिवसभर माझ्याशी बोलली नाही, काम गेलं असंच तिला वाटलं.

17 तारखेला त्याचाच फोन. “देतो दोन. हॉल्टिंग लिहून पाठवलं, पाहून घे. उद्याच निघतो का?”

“22 ले,” म्हटलं.